वाळूवरची डावी बाजू

२६ ऑगस्ट, मंगळवार

ओंदिना पोरी,

तारीख झुल्मिराने घातली. मी म्हटलं, सां बार्तोलोमेऊची जत्रा झाल्यावरचा मंगळवार, एवढं पुरे. पोरगी याच समुद्रात जत्रेच्या दिवशी बुचकळून काढलेली आहे, तिला कळेल. पण ही बाई जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसली. तारखेशिवाय तिला कागद नागडा वाटतो. म्हणते, "शब्द तुझे, कागद माझा." बरं बाई. पाद्रीबाबांकडून लिहवून घेतलं असतं तर पत्र देवाच्या नावाने सुरू झालं असतं आणि माझ्या मरणाच्या तयारीवर संपलं असतं. झुल्मिरा निदान मला मध्ये खोकू देते.

तर. तू न जेवता गेलीस.

मी सार्डिन भाजायला कोळसे पेटवून आले होते. मक्याची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. घरी येऊन बघते तर तुझी पिशवी नाही, आणि बस वळणावर. माझ्या हातात तेव्हासुद्धा दंताळं होतं. ते हलवून मी बस थांबवणार होते की काय, देव जाणे. तेव्हापासून तुला फोन लावते, तर एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगते. दर वेळी तीच बाई. मी तिला दर वेळी "बरं" म्हणते आणि ठेवते.

माझं काय चुकलं ते सांग. चार वर्षांनी आलीस, तीन दिवस राहिलीस. ओहोटीला खाली उतरून स्वतःच्या हातांनी शेवाळ गोळा केलंस, तेव्हा मी झुल्मिराला म्हटलंसुद्धा, की शहरात राहून पोरीचे हात विसरलेले नाहीत. मग तू वाळूवर उताणी पडलीस, काठीने स्वतःभोवती रेघ ओढलीस आणि त्या रेघेत शेवाळ भरायला लागलीस. मी काही बोलले का? नाही. तुझ्या आईने, इल्डाने, मागे मला फोनवर दाखवलं होतं, बर्फात तू, वाळक्या पानांत तू, कुणाच्या तरी नांगरलेल्या शेतात तू. मी इल्डाला एवढंच म्हटलं, की त्या बेल्जियमात पोरीला पलंग मिळत नाही का. तुझं काम आहे, तू करतेस. पाणी येतं, घेऊन जातं. आम्हीही जन्मभर ओलं उचलून वाळवत आलो, आमचं तरी कुठं राहिलंय.

तू फोटोचं यंत्र आणायला वाळूच्या टेकडीवर गेलीस तेव्हा मी खाली आले. बघते तर बाई छान झालेली. मांड्या, पोट, केस सगळं जिथल्या तिथं. फक्त डाव्या अंगाला, वरती, शेवाळ कमी पडलेलं. उजवीकडे चांगला उंचवटा आणि डावीकडे सपाट, खालची वाळू दिसत होती. मग इथलं कुणीही जे करेल तेच मी केलं. पसरलेल्या शेवाळात टक्कल दिसलं, की ज्याला दिसेल त्याने कवळभर टाकायचं. शेवाळ कुणाचं का असेना. वारा भोकातून शिरतो आणि सगळी गादी उचलून नेतो, हे तू चालायला लागायच्या आधी शिकलीस. मी कवळभर टाकलं, थापटलं, गोल केलं. दोन्ही बाजू सारख्या केल्या.

बायका हसल्या असतील. त्या हसतातच. त्यांना दुसरं काम काय.

तू खाली आलीस, बघितलंस, फोटो काढला नाहीस. चपला उचलल्यास आणि चालू लागलीस. यात रागावण्यासारखं काय आहे ते माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि झुल्मिराच्याही शिरत नाही, आणि तिचं डोकं पोस्टाचं आहे.

वरच्या खोलीला चुना मारून घेतलाय. हिवाळाभर राहीन म्हणाली होतीस. खिडकी उघडी ठेवते, वास जावा म्हणून. येणार की नाही एवढं कळव.

तुझी आजी ग्रासिंदा. (नाव झुल्मिराने लिहिलं. खाली फुली माझी.)


१ सप्टेंबर, सोमवार

पोरी,

काल चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तुझ्या आईचा फोन आला.

कांदे चांगले आलेत. वाळूतल्या शेतात यंदा पाणी राहिलं. शेजाऱ्याची बकरी पुन्हा सुटली आणि तिने माझा कोबी खाल्ला. झुल्मिरा पेन थांबवून माझ्याकडे बघतेय. तिला कळलंय की बकरीसाठी मी तिला जेवण सोडून बोलावलं नाही.

इल्डाने सांगितलं. मार्चात झालं म्हणाली. तुझ्या आईला माहीत, तिच्या नवऱ्याला माहीत, त्याच्या त्या लांब नाकाच्या बहिणीलासुद्धा माहीत. मला काय सांगितलं होतं? पोरीला खोकला झालाय. आणि मी फ्रान्सला तुझ्या आईकडे निरोप पाठवला होता, की गाजराच्या चकत्या साखरेत घालून त्याचा रस द्या, सकाळ-संध्याकाळ. ते डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं आणि मी गाजर सांगतेय! तुझ्या आईला विचारलं, "का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "आई, तू कशावरही विनोद करतेस."

मी फोन ठेवला. त्यावर विनोद सुचला नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, की बायका हसल्या असतील. झुल्मिराने ते तसंच उतरवलं, कारण तीही तिथं होती. आता नीट सांगते. तिच्यासमोर सांगायला लागतंय. मला अक्षर येत नाही, म्हणून माझी लाज दुसऱ्याच्या हातून जाते, वाटेत ती बघून घेते. घेऊ दे.

बायका आपोआप हसल्या नाहीत. मी हसवलं. मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "बघा गं, एवढ्या शाळा शिकली आणि पोरीला दोनपर्यंत मोजता येईना!" माझा आवाज तुला माहीत आहे, मी कानात बोलले तरी पलीकडच्या गावातली कुत्री उठतात. त्यावर मासेवाल्या एतेल्विनाने टाकलं, "दुसरं बेल्जियमच्या मोलकरणीने धुवायला नेलं असेल!" मग सगळ्या हसल्या. झुल्मिरा हसली. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. आणि हसता हसता वाकून ते कवळभर शेवाळ टाकलं.

वारा टेकडीकडे होता त्या दिवशी. म्हणजे तुझ्याकडे.

झुल्मिरा नाक पुसतेय. कागदावर डाग पडला असेल तर तो तिचा. मी ठीक आहे. मी काल दिवसभर चूल पेटवली नाही, एवढंच. दारात बसले तर येणारीजाणारी विचारते, "ग्रासिंदा, बरं नाही का?" म्हणून आत बसले. आत बसले तर आरसा समोर. तो उलटा करून ठेवला.

पुढे काय म्हणायचं असतं ते मला येत नाही. चेष्टा येते. ती आता नको.

आजी


१२ सप्टेंबर, शुक्रवार

ओंदिना,

या पत्राबरोबर एक पार्सल येतंय. घाबरू नकोस, चीज नाही, मागच्यासारखा वास येणार नाही.

मी स्वतः विणलंय. मऊ आहे. आत धुतलेली लोकर, आणि वजन यावं म्हणून थोडे मक्याचे दाणे. तेव्हा पावसात भिजू देऊ नकोस, उगवेल. (झुल्मिरा म्हणते हे खोड. मी म्हणते असू दे. थोडं तरी मी मीच राहू दे.) तुझ्या कातडीच्या रंगाची लोकर पोवोआला जाऊन तिथल्या दुकानात शोधली. दुकानदारीण विचारते, "आजी, कशासाठी?" मी म्हटलं, "टाचण्या टोचायच्या उशीसाठी." तिने मला तीन रंग दाखवले. मी तुझा गाल आठवून मधला घेतला. बाहेर पडले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते, या वयात, जशी काही चोरी केली.

चोळीत डाव्या बाजूला बसव, दोन टाके घाल. कुणाला काही कळणार नाही. माझा अंदाज चांगला आहे, तुला माहीत आहे. मी नुसत्या हाताने पाव किलो मीठ तोलते.

आणि दुसरं. इकडची काळजी करू नकोस. एतेल्विना परवा कोळंबी घेऊन दारात आली आणि विचारायला लागली, की ओंदिना एवढ्या घाईत का गेली, रागावली का. मी सांगून टाकलं, "काही नाही गं, शेवाळ कमी पडलं आणि तिचं काम बिघडलं, कलाकार माणसं अशीच." तिने मान हलवली. बाकीच्यांनाही तेच सांगितलं. झुल्मिराला माहीत आहे, पण झुल्मिराच्या पोटात अख्ख्या गावाची पत्रं आहेत, एकही बाहेर आलेलं नाही. घरातलं घरात राहिलं. तू हिवाळ्यात आलीस तर ताठ मानेने रस्त्यातून जाशील. कुणी वळून बघणार नाही.

वरच्या खोलीत मी जाड गोधडी टाकलीय. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय असं तुझी आई म्हणाली. म्हणजे त्यासाठी तू येणार होतीस. ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं माझ्या हातचं सूप आठवलं.

पार्सल मिळालं की कळव. बसलं का नीट तेही कळव.

आजी


२९ सप्टेंबर, सोमवार

ओंदिना,

तुझा निरोप झुल्मिराच्या फोनवर आला. ती धावत आली, एप्रनला पीठ. आधी मनात वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. मी म्हटलं, "मोठ्याने." तिने वाचलं. मी म्हटलं, "पुन्हा." दुसऱ्यांदा वाचताना ती आवाजाला मध लावायला लागली. मी म्हटलं, "पोरीने जसं टाकलंय तसं वाच, तू नाटक करू नकोस." मग तिने सरळ वाचलं.

इथं पुन्हा लिहायला सांगते, म्हणजे तुला कळेल की मी नीट ऐकलंय. तू लिहिलंस:

"आजी, हसलीस त्याचं मला काही नाही. तू हसशील हे धरूनच मी आले होते. मार्चपासून मला स्वतःकडे बघता येत नव्हतं. तुझ्याच वाळूवर पहिल्यांदा बघायचं ठरवलं, म्हणून आले. ती बाजू रिकामी ठेवायला मला किती जोर लागला ते तुला माहीत नाही. तू एका कवळात बुजवलीस. आणि आता पोस्टाने पुन्हा बुजवायला निघालीस. शेवाळ कमी पडलं नव्हतं. पार्सल परत पाठवतेय. हिवाळ्याचं ठरवलेलं नाही."

खरं सांगू? आधी मला राग आला. मी विणायला आठवडा घालवला होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि हे डोळे विणकामाला उरलेले नाहीत. मी झुल्मिराला म्हटलं, "बघ, आजकाल चांगलं केलेलंही परत येतं." झुल्मिरा म्हणाली, "ग्रासिंदा, तिने मागितलं होतं का?" मी म्हटलं, "भुकेलेल्या माणसाला विचारतात का?" ती म्हणाली, "ती भुकेली नव्हती. तू वाढत होतीस." मी तिला घरी जायला सांगितलं. ती गेली. तिचं पेन माझ्या टेबलावर राहिलं. मी ते हातात धरून बसले, आणि ते माझ्या काय कामाचं!

आज ती स्वतःच आली, बोलावल्याशिवाय.

तेव्हा आता जे सांगते ते झुल्मिरालाही नवीन आहे. तिला म्हटलं, थांबू नकोस, लिहीत जा, तोंड मग उघड.

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली आहे. शेवाळाचं ओलं जाळं मी लहानपणापासून दोराने याच खांद्यावरून ओढलं. हाडं तिकडेच वाढली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने पोशाखाच्या आत कापडाची घडी शिवली, म्हणजे नवऱ्यामुलाच्या घरच्यांना वाकडी दिसायला नको. तेव्हापासून ती घडी माझ्या अंगावर आहे. कापड झिजलं की नवीन. एका पोशाखातून उसवायची, दुसऱ्यात शिवायची. तुझ्या आईच्या लग्नाच्या फोटोत जी ताठ बाई उभी आहे ना, जिच्यासारखं उभं राहा म्हणून मी तुला लहानपणी टोकत असे, तिच्या उजव्या खांद्यात तुझ्या आजोबांच्या जुन्या बनियनची घडी आहे.

झुल्मिराने तोंड उघडलंच. म्हणते, "मी चर्चमध्ये जन्मभर तुझ्या शेजारी बसले!" मी म्हटलं, "डाव्या बाजूला बसलीस."

तू आलीस त्या दिवशीही घडी होती. मला कुणी कमी बघू नये म्हणून मी जे आयुष्यभर करत आले, तेच तुला केलं. मला वाटत होतं मला तुझी दया आली. दया नव्हती ती. माझ्या रक्तातलं कुणीतरी गावासमोर जसं आहे तसं पडलंय, हे माझ्याने बघवलं नाही. चेष्टाही त्यासाठीच. आणि तुला तर लाज वाटतच नव्हती. म्हणजे ती सगळी माझीच.

हिवाळ्याचं मी विचारत नाही. खिडकी मात्र उघडी आहे. ते विचारणं नाही, ओल येते म्हणून.

आजी


८ ऑक्टोबर, बुधवार

ओंदिना,

काल पौर्णिमेची मोठी ओहोटी होती. वर्षातलं शेवटचं चांगलं शेवाळ. मी झुल्मिराला म्हटलं, "चल, आणि दंताळं आण. माझं नको, तुझं आण, दांडा लांब आहे."

"कशाला?"

"माझ्याभोवती रेघ ओढायला."

ती म्हणाली, "मेल्यावर ओढतात." मी म्हटलं, "तेव्हा मला बघता येणार नाही."

घडी मी घरीच काढून ठेवली होती. रस्त्यातून जाताना मला वाटत होतं, सगळी दारं माझ्या खांद्याकडे बघताहेत. एकही दार उघडं नव्हतं, सगळे किनाऱ्यावर होते. मी वरचे घागरे काढले, आतल्या एकावर राहिले, आणि वाळूवर आडवी झाले. वाळू किती थंड असते गं. तू तिथं एवढा वेळ कशी पडली होतीस?

झुल्मिरा दांड्याने रेघ ओढत फिरायला लागली. "हलू नकोस."

"श्वास तरी घेऊ?"

"घे, पण पोटाने नको, रेघ बिघडते."

"मग कशाने घेऊ, कानाने?"

उठवायला तिला जमेना. तिने ओढलं तर तीच माझ्यावर येऊन पडली. कांद्याच्या शेतातून दोन बायका आल्या, त्यांनी बटाट्याचं पोतं उचलावं तसं मला उभं केलं. मग मी वळून बघितलं.

मी आयुष्यभर स्वतःला मोठी बाई समजत होते. एवढीशी होते. आणि वाकडी. रेघेत खांद्याचं अंतर चार बोटांचं नव्हतं, चांगलं वीतभर दिसत होतं, जसं कुणीतरी त्या बाजूला अजून दोर ओढतंय. माझे पाय निघून जायला बघत होते. तुझी शपथ, त्या क्षणी पायाने वाळू सारून सगळं पुसावं असं वाटलं. झुल्मिराने माझ्याकडे बघितलं नाही. तिने पहिलं शेवाळ माझ्या हातात दिलं.

मी भरलं. तुझ्यासारखं जमलं नाही. केस मला येईनात, म्हणून डोक्यावर रुमाल केला, हिरव्या शेवाळाचा. स्तन जिथं असतात तिथं केले, म्हणजे पोटावर. खांदा जिथं होता तिथंच ठेवला.

मग बाकीच्या आल्या. एतेल्विना पुढे, टोपली डोक्यावर. "अगं, ही सील कुठली वाहून आली?" हसल्या सगळ्या. "ग्रासिंदा, ही तू आहेस होय? जीभ करायची राहिली गं, तिला शेवाळ पुरलं नसेल!" चांगला होता तो टोमणा. मला त्याहून चांगला सुचला होता, ओठांवर आला होता. मी तो गिळला. झुल्मिरा साक्षीला आहे, ती म्हणते असा चमत्कार तिने पाहिला नाही.

आणि मग एतेल्विनाला तो खांदा दिसला. टोपली खाली ठेवून तिने कवळभर शेवाळ उचललं आणि म्हणाली, "थांब, इथं कमी पडलंय."

मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "कमी पडलेलं नाही. मी अशीच आहे." आणि वळून तिला पाठ दाखवली, घडीशिवायची.

तुझं मी काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, कुणाला, कधी, हे तुझं तू ठरव. एवढंच म्हटलं, की ओंदिनाचंही शेवाळ कमी पडलं नव्हतं, मी खोटं सांगितलं होतं. एतेल्विनाच्या जिभेला हाड नसेल, पण डोक्यात मेंदू आहे. ती ते कवळभर शेवाळ छातीशी धरून उभी राहिली, पाणी तिच्या एप्रनवरून ओघळत होतं. मग हळूच म्हणाली, "मी त्या मोलकरणीचं काय बोलले गं त्या दिवशी." आणि तिथंच वाळूत बसली.

कुणी हसलं नाही मग. ते हसण्यापेक्षा जड होतं. मला वाटलं होतं की असं केलं म्हणजे लाज सुटेल. सुटली नाही. थंडी वाजत होती, आतला घागरा ओला, खांद्याला वारा लागत होता जिथं कधी लागला नाही. पण पाणी येईपर्यंत मी हलले नाही. झुल्मिराने एक फोटो काढलाय, त्यात तिचा अंगठाही आहे. पाणी पायाकडून आलं. एकीने विचारलं, वरचं अर्धं उचलून घेऊ का, चांगलं शेवाळ आहे, कोबीला खत होईल. मी म्हटलं, राहू दे. कोबी बकरीने आधीच खाल्लाय.

सर्दी झालीय. बाकी ठीक.

आजी


२१ ऑक्टोबर, मंगळवार

पोरी,

झुल्मिरा म्हणते हे पत्र पोचायच्या आत तूच पोचशील, कशाला तिकीट वाया घालवतेस. मी म्हटलं, लिही. तोंडावर मला हे बोलता येणार नाही.

शनिवारच्या बसने येतेस असं तू कळवलंस. सहा शब्द होते, झुल्मिराने मोजून सांगितले, मी ते चार वेळा वाचून घेतले. मी थांब्यावर असेन. सूप चुलीवर. एतेल्विनाने मासे द्यायचं कबूल केलंय, पैसे घेत नाही म्हणते. तिला तुझ्यासमोर यायचं नाही, ती दारात ठेवून जाईल. तुला वाटलं तर हाक मार, नाही वाटलं तर नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तू बसमधून उतरशील तेव्हा मला तुझ्या तोंडाकडे बघायचंय. मी आठवडाभर तेच ठरवतेय. पण माझे डोळे म्हातारे आणि हट्टी आहेत, ते तिकडेच जातील, डावीकडे. मी त्यांना ओळखते. आणि ते गेले की मी घाईने आकाशाकडे बघेन, पावसाचं काहीतरी बोलेन, तुझी पिशवी हिसकावून घेईन. ते मला करायचं नाही.

तेव्हा तू पिशवी खाली ठेव आणि थोडी थांब. मला बघू दे. मी काही बोलणार नाही. पुरे झालं की तू सांग.